एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

गेल्या दिवाळी अंकात या सदराच्या शेवटी मी लिहिले होते की, 'लेथ' हा शब्द यापुढे इथे येणार नाही. तसे वचनच मी आमच्या सौ.ला दिले होते. ओळखीच्या ज्या घरांत हा अंक जातो, तिथल्या निम्म्या बायका तिला वर्षभर विचारीत, "काय हो, सरांचा लेथ कसा आहे?" माझी प्रकृती मात्र कुणी विचारीत नसे! पण तो अंक छापखान्यात गेला आणि इकडे असा एक प्रकार घडला की, वचन मोडल्यावाचून गत्यंतर उरले नाही. सौ.ची परवानगी काढली आहे. तिची अट एकच : तिच्या टेपेची हकीकत गाळायची नाही.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. मी इचलकरंजीचा, हायस्कुलातून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. गावभागात आमचे जुने घर आहे. पुढच्या सोप्यात वडिलांच्या वेळी दोन माग होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने, या गावात पहिला यंत्रमाग चालवला, आणि पुढच्या पिढ्यांत तो खडखडाट सोप्यासोप्यात शिरला. इथे कारखाना आणि घर यांच्यामध्ये पुष्कळदा एक उंबरठाच असे. आम्ही भावंडे मागाच्या तालावर पाढे म्हणत वाढलो. पुढे शाळेत वर्ग शांत झाला की मलाच चुकल्यासारखे होई.

वडील जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. धोटा उडतो, फणी अडते, पट्टा घसरतो, की त्याला बोलावणे यायचे. त्यांची सगळी मापे सुतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. "दोन सूत सरकव" म्हटले की हाताखालचा पोरगा बरोबर पाव इंच सरकवी. ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक मापे येऊ लागली, बाजारात किलो आले, कापड मीटरवर गेले. पण वडिलांचे सूत शेवटपर्यंत सूतच राहिले. मला मात्र त्यांनी हत्याराला हात लावू दिला नाही. "तुझे हात काळे व्हायचे नाहीत" एवढे एकच ते म्हणत. त्याप्रमाणे पस्तीस वर्षे माझे हात खडूने पांढरे राहिले. निवृत्त झालो त्या वर्षी जवळचे एक जुने वर्कशॉप बंद पडले आणि तिथला साडेचार फुटी लेथ भंगाराच्या भावात निघाला. मी तो घेतला. (आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीवरून फुटांत विकतात, मेट्रिकला साठ वर्षे उलटून गेली तरी साडेचार फुटी तो साडेचार फुटीच.) वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी सोप्यात शिरताना मुद्दाम करीत नाही.

मास्तराने लेथ घेतला म्हणून गल्लीत हसू झाले. हसणाऱ्यांना मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण देतो. तेही मूळचे मास्तरच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, नांगर केले, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. माझी वाडी वगैरे वसणार नाही हे मला कळते; पण मास्तरकी आणि लोखंड यांचे हाडवैर नाही, एवढे सिद्ध होते.

विलायतेत हा छंद जुना आहे. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लहानसा लेथ मांडून वाफेची चिमुकली इंजिने करणाऱ्यांसाठी 'मॉडेल इंजिनिअर' नावाचे नियतकालिक लंडनमध्ये १८९८ साली निघाले. तिथला छांदिष्ट चार-चार वर्षे एकच इंजिन घडवतो आणि मग पोरांना त्यामागे बसवून बागेत फेरी मारतो. इचलकरंजीत ही चैन चालत नाही. इथे तुमच्या सोप्यात लेथ आहे हे गल्लीला कळले, की दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी पिशवीत मोडका बुश घेऊन दारात उभा असतो. छंद आणि धंदा यांच्यामध्येही इथे उंबरठाच आहे. आणि माझा पाय नेमका तिथेच अडखळला.

ती चूक कळायची, तर लेथवर आटे कसे पडतात हे दोन मिनिटांत सांगावे लागेल. कंटाळू नका, पाचवीचे त्रैराशिक येत असले तरी पुरे. लेथच्या चकात धरलेली सळई गरगर फिरते, आणि तिच्या कडेने कापणारे टूल हळूहळू सरकते. टूल सरकवण्याचे काम लेथच्या पुढच्या अंगाला असलेला एक लांब स्क्रू करतो. त्याला लीड स्क्रू म्हणतात. सळई आणि लीड स्क्रू यांना जोडणारी दातेरी चाके बदलली, की सळईच्या एका फेऱ्यात टूल किती सरकेल ते बदलते, आणि तेच आट्यांमधले अंतर. माझ्या लेथचा लीड स्क्रू जुना, इंची. एका इंचात चार आटे. म्हणजे एका फेऱ्यात ६.३५ मिलिमीटर. इंची आटे पाडायला तो सोन्यासारखा. वडिलांच्या वेळचे साधे माग सगळे इंचीच होते. त्यांचा अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे इंचाला बारा आटे. १८४१ साली व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने सुचवलेले हे कोष्टक इचलकरंजीच्या प्रत्येक गल्लीत मराठीतून बोलले जाई.

आता गावात धोट्याचे माग भंगारात जात आहेत आणि त्यांच्या जागी बिनधोट्याचे, परदेशातून जुने आणलेले रॅपिअर माग येत आहेत. ते सगळे मिलिमीटरचे. म्हणजे एकाच गल्लीत दोन मापे नांदतात. इंचीचा नट बारा मिलिमीटरच्या बोल्टवर सैल बसतो, दोन आटे जातो आणि अडून बसतो. सासुरवाशिणीसारखा, असे मी एकदा म्हणालो, सौ.ने ते वाक्य तेव्हाच खोडायला लावले होते.

इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पडतात, पण त्यासाठी १२७ दात्यांचे चाक लागते. १२७ च का? तर एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, आणि पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. दोन्ही मापे पूर्णांकात एकमेकांना भेटतात ती पहिली जागा हीच. १२७ ही मूळ संख्या आहे. तिचे तुकडे पडत नाहीत. निम्मे करून चालत नाही. माझ्या भंगारातल्या लेथबरोबर चाके आली होती, त्यांत १२७ चे नव्हते.

गेल्या वर्षी खंडेनवमीला लेथला झेंडूची माळ घातली, आणि चार दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याचे चार रॅपिअर माग आहेत. एका मागाचा, बीमचा ताण जुळवायचा लांब स्क्रू मोडला होता. दोन मिलिमीटरचे आटे.

"सर, टर्नरकडं दिवाळीपर्यंत नंबर नाही म्हणतोय. तुमच्याकडं होतंय काय बघा की."

'नाही' म्हणायला हवे होते. पण ज्याला मी वर्गात उभे केले होते त्याने माझ्या सोप्यात येऊन मदत मागावी, याचा मोह फार मोठा असतो. मी कागद घेतला. १२७ नाही, पण १२६ म्हणजे ६३ ची दुप्पट, आणि ६३ दात्यांचे चाक माझ्याकडे होते. स्पिंडलवर २० चे, लीड स्क्रूवर ६३ चे. हिशेब करून पाहिला : दोन मिलिमीटरच्या जागी २.०१६. शंभरात एकाहूनही कमी चूक! मी त्याला ते कौतुकाने फळ्यावर मांडल्यासारखे दाखवलेसुद्धा. तो "व्हय सर, व्हय सर" म्हणत होता. वर्गातही तो असेच म्हणायचा.

स्क्रू झाला. बाजारातला १६ मिलिमीटरचा नट त्यावर घालून पाहिला, सुरळीत फिरला. बाजारचा नट जाड असून किती असणार! त्यात जेमतेम सहा-सात आटे बसतात. तेवढ्यात माझी चूक मिलिमीटरचा दहावा भाग झाली आणि आट्यांच्या सैलपणात जिरून गेली. मागावरचा नट मात्र गनमेटलचा, पन्नास मिलिमीटर लांब. पंचवीस आटे. तिथे चुकीची बेरीज होत जाते : ०.४ मिलिमीटर. दहा-बारा आटे गेल्यावर स्क्रू अडला. कामगाराला वाटले, नवा आहे, घट्ट जात असेल; त्याने पान्याला पाइप लावून जोर दिला. गनमेटलचे आटे सोलून निघाले. स्क्रू गेला तो गेलाच, धड असलेला नटही गेला.

चारपैकी एक माग आठ दिवस बंद राहिला, तोही दिवाळीच्या तोंडावर. ज्या व्यापाऱ्याला कापड द्यायचे होते त्याचे पैसे अडले, आणि बोनसची निम्मी रक्कम भाऊबीजेनंतर देतो असे त्याला कामगारांना सांगावे लागले. मी नुकसान भरून देतो म्हणालो. "असू दे सर," एवढेच तो म्हणाला. त्याने दोन शब्द सुनावले असते तर दिवाळीचा फराळ मला गोड लागला असता.

शेवटी ते काम गल्लीतल्या म्हाताऱ्या टर्नरनेच रात्री जागून केले. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने काही न बोलता माझा स्क्रू आणि मूळचा मोडका तुकडा एकमेकांत आट्याला आटा लावून दिव्यासमोर धरले. एका टोकाला काळी रेघही दिसत नव्हती. दुसऱ्या टोकाकडे फटीतून उजेड येत होता.

"कुठल्या चाकावर कापलं?"

"त्रेसष्टच्या."

"एकशे सत्तावीस नाही?"

"नाही."

"मग नाही म्हणायचं, मास्तर."

हे चाक विकत मिळत नाही असे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हॉबिंग मशीनवर असले चाक सहज निघेल. पण माझे मन तसे करायला घेईना. जे चाक नसताना मी काम हाती घेतले, ते चाक आता माझ्या हाताने व्हायला हवे, असे काहीतरी डोक्यात बसले. सौ.च्या मते हे प्रायश्चित्त नसून हट्ट आहे. दोन्ही खरे असेल.

पण वर्तुळाचे १२७ सारखे भाग करायचे कसे? निम्मे, पाव, आठवा, असे कंपासने होते. १२७ चे होत नाही. विचार करीत बसलो होतो, आणि समोर शिवणयंत्रावर सौ.ची टेप लोंबत होती. तिच्या एका काठाने इंच, दुसऱ्या काठाने सेंटिमीटर. सहज पाहिले, तर ५० इंचांच्या रेघेसमोर बरोबर १२७ सेंटिमीटरची रेघ. इतकी वर्षे माझ्याच शर्टाची मापे तिने घेतली, आणि मला हवा तो आकडा तिच्या गळ्यात लटकत होता! ज्या चकतीचा परीघ नेमका १२७ सेंटिमीटर, तिच्यावर ही टेप गुंडाळली की एकेका सेंटिमीटरला एक दाता. चकतीचा व्यास ४०४ मिलिमीटर, म्हणजे सोळा इंचांना थोडा कमी. सुताराकडून प्लायवुडची थोडी मोठी चकती आणली, लेथच्या स्पिंडलच्या मागच्या तोंडाला बसवली, आणि पटाशीने कड इतकी कमी करीत आणली की टेपेची सुरुवात आणि १२७ ची रेघ एकमेकींना टेकल्या. टेप मधेच कापून बारीक खिळ्यांनी ठोकली. विचारले नव्हते, हे इथे कबूल करतो.

आणि तरी ते फसले. कापडी टेप वापरून ताणते. सगळीकडे सारखी ताणली असती तर काही बिघडत नव्हते. भाग सारखेच पडले असते. पण माणसांची मापे टेपेच्या पहिल्या भागात येतात. पोलादी पट्टीला लावून पाहिली तर पहिले पन्नास सेंटिमीटर तीन मिलिमीटरने वाढलेले, आणि शेवटचे तीस दुकानातून आल्यासारखे कोरे. तेव्हा खिळे उपटले, आणि जमीन मोजण्याची जुन्या पद्धतीची चपटी पोलादी टेप मिळवून तीच क्रिया पुन्हा केली. दर्शक काटा म्हणून शिवणाची सुई लावली. (ती विचारून घेतली.)

याच सुमारास मी सौ.ला योहान्सनची गोष्ट सांगितली. स्वीडनमधल्या एस्किलस्टुना गावी बंदुकांच्या कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा तपासनीस होता. १८९६ च्या सुमारास त्याला सुचले की, पोलादाच्या १०२ ठोकळ्यांचा संच नेमका केला, तर ते एकावर एक चिकटवून हजारो मापे जुळवता येतील. ठोकळे शेवटचे घासून नेमके करायला यंत्र नव्हते. त्याने घरी बायकोच्या शिवणयंत्रातच फेरफार करून घासण्याचे यंत्र बनवले. त्याच योहान्सनने आपल्या इंची ठोकळ्यांसाठी इंच बरोबर २५.४ मिलिमीटर धरला. तेव्हा इंग्रजांचा आणि अमेरिकनांचा इंच शेपटीकडच्या आकड्यांत वेगवेगळा होता; १ जुलै १९५९ पासून इंग्लंड-अमेरिकेसह सहा देशांनी २५.४ च कायम केला. म्हणजे माझे १२७ चे चाक एका अर्थी त्या शिवणयंत्रापर्यंत पोचते. सौ.ने गोष्ट शांतपणे ऐकली आणि आपल्या यंत्राला कुलूप लावले.

चाकासाठी बिडाची चकती गावातल्याच फौंड्रीतून ओतून आणली. बीड कापायला तेल लागत नाही. काळा भुगा पडतो, नाकात जातो, सदऱ्यात जातो, चहात उतरतो. १२० दात्यांच्या चाकाच्या खाचेत नेमके बसेल असे टूल घासून घेतले, कारण १२० आणि १२७ च्या दात्यांच्या आकारात डोळ्याला दिसेल असा फरक नसतो. मग स्पिंडल पक्के अडकवायचे, टूल आडवे धरायचे आणि लेथ बंद ठेवून, सॅडल हाताने पुढे-मागे करीत, रंध्यासारखी खाच खरवडायची. दर खेपेला एक दशांश मिलिमीटर. खाच ३.४ मिलिमीटर खोल, म्हणजे दात्यामागे ३४ खेपा. १२७ दात्यांना ४,३१८. दिवसाला सहा-सात दाते होत. पाठीत उसण भरली तेव्हा चार दिवस सुट्टी घेतली. संक्रांतीला सुरू केलेले काम होळीपर्यंत चालले.

मुलाबाळांच्या घरांत हा अंक वाचला जातो, म्हणून मधेच दोन गोष्टी सांगतो. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. फिरत्या चकाला मोजा सापडला तर बोटे तो मोज्यासकट ओढून घेतो. लोंबता पदर, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, सगळे दूर. चकाची किल्ली चकात विसरायची नाही. मोटर सुरू होताच ती गोफणगुंड्यासारखी सुटते. आणि ज्यांना हे वाचून लेथ घ्यावासा वाटेल, त्यांनी आधी एक बरा व्हाइस, तीन कानशी, हॅकसॉ आणि कॅलिपर घ्यावा. सहा महिने कानशीने एक लोखंडी ठोकळा चौरस करून पाहावा. तेवढे जमले, आणि त्यानंतरही हौस उरली, तर लेथचे बघावे. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर घरच्या विजेवर चालते.

चाक झाले. स्पिंडलवर ४० चे, लीड स्क्रूवर १२७ चे : बरोबर दोन मिलिमीटर. दीड मिलिमीटर हवे असेल तर ३० चे, एक हवे असेल तर २० चे. मिलिमीटरला वीस दाते, इतका सोपा पाढा. पहिलाच स्क्रू मात्र सवयीने वाया घालवला. इंची आटे पाडताना एक खेप झाली की हाफ नट उघडून सॅडल मागे आणतात आणि खूण पाहून पुन्हा बंद करतात. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना तसे चालत नाही. हाफ नट शेवटपर्यंत बंदच ठेवून मोटर उलटी फिरवून मागे यावे लागते. माझा हात आपोआप दांड्यावर गेला, आणि पुढच्या खेपेला टूल आट्यांच्या माथ्यावरून चालत गेले. दुसरा स्क्रू नीट झाला.

तो आणि चाक, दोन्ही घेऊन टर्नरकडे गेलो. त्याने आधी चाक घेतले. डोळे मिटल्यासारखे करून दात्यांवरून अंगठ्याचे नख फिरवीत गेला, पूर्ण फेरी. एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"हा शेवटचा ना?"

होता. टेपेची दोन टोके जिथे टेकली होती, तिथला दाता केसभर बारीक आहे. मला तो कॅलिपरने सापडला होता, त्याला नखाने. मग त्याने स्वतः केलेल्या स्क्रूच्या जोडीचा तुकडा काढला आणि दोन्ही आट्याला आटा लावून दिव्यासमोर धरले. या टोकाला, मग त्या टोकाला. मान हलवली, माझा स्क्रू चिंधीने पुसला आणि परत दिला.

तो स्क्रू मी विद्यार्थ्याला सुट्या भागांत ठेवायला दिला आहे. पैसे घेतले नाहीत, त्यानेही काढले नाहीत. त्याचा माग टर्नरच्या स्क्रूवर चालू आहे आणि माझा फळीवर आहे. परवा तो दुसऱ्या मागाचा एक बुश घेऊन आला. मी माप घेतले, कागदावर मांडले, आणि म्हणालो, "हा टर्नरकडं दे. इतका नेमका बोअर माझ्याकडं निघणार नाही." तो "व्हय सर" म्हणाला आणि या वेळी थोडा हसला.

सौ.ला नवी टेप आणून दिली. तिने ती आधी माझ्या पोलादी पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठेवून पाहिली, आणि मग शिवणयंत्राच्या खणात टाकून कुलूप लावले.